पाच सुती भोकाचे मँड्रेल : लाकडी डक कॉल कातणाऱ्यांसाठी परीक्षण

बदकांना साद घालणारी लाकडी शिट्टी, अमेरिकेत जिला डक कॉल म्हणतात, हातात घेतली तर अगदी साधी वस्तू वाटते. लेथवर धरताना मात्र ती कातणाऱ्याची परीक्षा पाहते. तिचे मुख्य भाग दोन असतात. ओठांना लावायची पोकळ नळी म्हणजे बॅरल, आणि त्या नळीत घट्ट सरकणारा इन्सर्ट. या इन्सर्टवर आवाजाची पट्टी घडवलेली असते आणि पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची मायलर या प्लास्टिकची पत्ती तिच्यावर बुचाच्या पाचरीने दाबून बसवलेली असते. बॅरलला आरपार भोक असते आणि अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या धाटणीच्या बहुतेक शिट्ट्यांमध्ये ते पाच सुताचे, म्हणजे ५/८ इंचाचे किंवा १५.८७५ मिलिमीटरचे असते. भोक आधी पाडून बाहेरचा आकार नंतर कातायचा, हाच क्रम इथे योग्य ठरतो, कारण लाकडात ड्रिल तंतूंच्या रेषेच्या ओढीने थोडेफार भरकटतेच, आणि बाहेरचा गोलावा त्या भोकालाच धरून कातला तरच नळीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची राहते. भोकाला आतून धरणारे जे साधन, ते मँड्रेल. नाशिकमध्ये राहून, परदेशातून येणाऱ्या मागणीसाठी अशा शिट्ट्या कातताना मी वेगवेगळ्या तऱ्हेची मँड्रेल वापरली आहेत; त्यांतले कोणते घ्यावे, कोणते टाळावे आणि कोणते अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत करून घ्यावे, याचे हे परीक्षण आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण लेथवरची वस्तू पाहून शेजारीपाजारी पहिला प्रश्न तोच विचारतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार वन्य पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे या शिट्ट्यांचा ग्राहक इथला नाही. त्या जातात परदेशातल्या शिकाऱ्यांकडे आणि त्याहून जास्त संग्राहकांकडे, ज्यांना लाकडाची रेषा आणि कातकामाची सफाई यांत आवाजाइतकाच रस असतो. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात बदके येतात म्हणून तिथे जाऊन शिट्टीचा सूर तपासण्याचा मोह कोणाला होत असेल, तर तो त्याने घरीच आवरावा. ते अभयारण्य आहे आणि पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतले क्षेत्र आहे.

आता मँड्रेलकडे वळतो. बाजारात सर्वांत सहज मिळते ते रबराचे प्रसरण पावणारे मँड्रेल. एका पोलादी दांड्यावर रबराची जाड नळी किंवा ओळीने बसवलेल्या रिंगा असतात. पुढचा नट आवळला की रबर लांबीत दबते आणि बाजूला फुगते, आणि ते फुगलेले रबर भोकाला आतून पकडते. या मँड्रेलचा मोठा गुण असा की त्याचा दाब भिंतीवर सगळीकडे सारखा पसरतो. लाकूड रेषेच्या आडव्या ताणाला फारच कमजोर असते, आणि आतून फुगवणारे प्रत्येक मँड्रेल नळीला नेमका तोच ताण देते. त्यामुळे ओठाकडे भिंत तीन मिलिमीटरपर्यंत पातळ करायची असेल तेव्हा रबराचा मऊपणा उपयोगी पडतो. भोक थोडे मोठे झाले असेल किंवा किंचित लंबगोल झाले असेल तरीही रबर ते सामावून घेते. याची दुसरी बाजू मात्र कामाच्या सुरुवातीलाच दिसते. दीड इंची चौरस ठोकळ्याचे कोपरे उतरवताना गोल पटाशीचा प्रत्येक ठोका रबर झेलते आणि परत फेकते, ठोकळा हलकेच डुलतो आणि कापाच्या पृष्ठभागावर लाटा उमटतात. शिवाय नट आवळताना रबर नेमके मध्यावर फुगेल याची खात्री नसते. भोक आणि बाहेरचा गोलावा यांच्या मध्यरेषा एकमेकींपासून सरकतात, आणि ज्या कारणासाठी मँड्रेल वापरायचे ते कारणच निकालात निघते. माझ्या मते रबरी मँड्रेल हे पॉलिशपेपर आणि फिनिशच्या टप्प्याचे साधन आहे. आकार काढण्यासाठी ते घेऊ नये.

दुसरा मार्ग मँड्रेलच न घेण्याचा. हेडस्टॉक (लेथचे फिरवणारे टोक) आणि टेलस्टॉक (समोरचे, सरकवून आधार देणारे टोक) यांच्यावर ६० अंशांचे दोन शंकू लावायचे आणि बॅरल त्यांच्यामध्ये दाबून धरायचे. यात खर्च जवळजवळ नाही, कारण टेलस्टॉकचे फिरते सेंटर बहुतेकांकडे असतेच आणि दुसरा शंकू लाकडाचाच कातता येतो. भोकाची दोन्ही टोके आपोआप मध्यावर येतात, हेही खरे. पण पकड केवळ घर्षणाची असते. जोराचा काप घेतला की नळी जागीच घसरते, ती घसरू नये म्हणून टेलस्टॉक आवळावा तर शंकू पाचरीसारखा आत घुसून भोकाची कड उघडतो, आणि नेमकी तीच कड पुढे इन्सर्टला धरणार असते. एखादी नळी दुरुस्त करायची असेल, किंवा तयार नळीवरून शेवटचा हलका हात फिरवायचा असेल, तर दोन शंकूंची ही व्यवस्था पुरेशी आहे. मागणीप्रमाणे दहा-वीस नळ्या एकसारख्या काढायच्या असतील तर ती उपयोगाची नाही.

तिसरा प्रकार पोलादी चिरलेल्या बाहीचा, आणि खरी निवड करायची ती याच प्रकाराच्या आत. इथे एका निमुळत्या दांड्यावर बाहेरून सरळ आणि आतून निमुळती अशी पोलादी बाही असते. बाहीला लांबीत चिरा असतात. नटाने ती दांड्याच्या चढावर ढकलली की चिरा उघडतात आणि बाही भोकात घट्ट बसते. छायाचित्रात अशी सगळी मँड्रेल सारखीच दिसतात, पण घेण्यापूर्वी दोन बाबी जरूर पाहाव्यात, कारण चांगले आणि वाईट मँड्रेल त्यांवरच ठरते.

पहिली बाब चिरांची. स्वस्त मँड्रेलच्या बाहीला चिरा फक्त पुढच्या टोकाकडून दिलेल्या असतात. अशी बाही फुगते ती घंटेच्या तोंडासारखी: पुढचे टोक उघडते आणि मागचे होते तेवढेच राहते. मग नळी एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल राहते, आणि सैल टोकाकडे पटाशी नेली की थरथर सुरू होते. चांगल्या बाहीला चिरा आलटून पालटून दोन्ही टोकांकडून दिलेल्या असतात आणि त्यांतली एकही आरपार जात नाही. त्यामुळे बाही सबंध लांबीत समांतर फुगते. विकणाऱ्याने मागच्या टोकाचे छायाचित्र दिले नसेल तर ते मागावे, आणि दिले नाही तर ते मँड्रेल घेऊ नये, इतके मी या बाबीला महत्त्व देतो.

दुसरी बाब उताराची. दांड्याचा उतार व्यासात २० ला १, म्हणजे २० मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने बदलणारा असेल आणि पुढचा आटा एम ६ चा, म्हणजे एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकणारा असेल, तर नटाच्या एका फेऱ्यात बाहीचा व्यास ०.०५ मिलिमीटरने वाढतो. हे नियंत्रण उत्तम आहे. याउलट ३० अंशांच्या आखूड शंकूवर फुगणाऱ्या मँड्रेलमध्ये त्याच एका फेऱ्यात व्यास अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढू पाहतो, म्हणजे सैल आणि फाटले यांच्यामधले अंतर नटाच्या जेमतेम पाव फेऱ्याचे उरते. मंद उताराचेही दोन तोटे आहेत आणि ते ठाऊक असलेले बरे. मंद उतार हाताच्या जोराला फार वाढवतो, त्यामुळे नट पान्याने आवळायचा नसतो. त्याला नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खरखरीत नक्षी केलेली असावी आणि तो बोटांनीच आवळावा. दुसरे म्हणजे हा उतार लेथच्या तोंडातल्या प्रमाणित निमुळत्या जोडासारखाच, म्हणजे मोर्स टेपरसारखाच, स्वतःला धरून ठेवतो, नट सैल केला म्हणून बाही सुटत नाही. म्हणून बाहीच्या मागे तिला परत ढकलणारा दुसरा नट हवा. तो नसेल तर प्रत्येक नळी काढताना हातोडीचा ठोका घालावा लागतो, आणि पॉलिश झालेल्या नळीजवळ हातोडी आणणे मला तरी मानवत नाही.

चिरलेल्या बाहीचे महत्त्व नाशिकच्या परिस्थितीत अधिक आहे, ते ड्रिलमुळे. परदेशी मँड्रेल आणि परदेशी रेखाटने ५/८ इंचाला धरून असतात, तर आपल्या टूलच्या दुकानात पटकन हाती येते ते १६ मिलिमीटरचे ड्रिल. दोन्हींतला फरक ०.१२५ मिलिमीटरचा. ठोस, न फुगणारे ५/८ इंची मँड्रेल १६ मिलिमीटरच्या भोकात खुळखुळते आणि त्यावर कागद गुंडाळून काम भागवावे लागते. २० ला १ उताराची बाही मात्र नटाच्या अडीच फेऱ्यांत तो फरक भरून काढते. तरीही ग्राहक त्याच्याकडच्या इन्सर्टसाठी फक्त बॅरल मागत असेल, तर इंची ड्रिलच आणावे, कारण मँड्रेलने फरक भरून काढला तरी इन्सर्ट तो भरून काढणार नाही. सगळ्याच शिट्ट्यांचे भोक पाच सुताचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. टेनेसीच्या रीलफूट तलावाकाठच्या, धातूची पत्ती असलेल्या जुन्या धाटणीत मापे करणाऱ्यागणिक बदलतात, आणि हंसाच्या शिट्ट्यांना सहा सुती, म्हणजे पाऊण इंची भोकही असते. म्हणून दांडा एकच आणि बाह्या बदलता येणाऱ्या, अशी रचना मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजणे परवडते.

पावसाळ्याचाही विचार करायला हवा. लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढे आकसते ते त्रिज्येच्या दिशेच्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे दमट ठोकळ्यात पाडलेले गोल भोक वाळता वाळता लंबगोल होते. वखारीतून जुलै-ऑगस्टमध्ये आणलेल्या बाभळीत आणि शिसमात हा प्रकार ठळकपणे दिसतो. सुरगाणा-पेठ भागातला जुना, मुरलेला साग मात्र त्या मानाने पुष्कळ स्थिर राहतो. लंबगोल भोकात पोलादी बाही दोनच बाजूंना टेकते, आणि सारा ताण त्या दोन रेषांवर येऊन नळी रेषेत उभी चिरते. मँड्रेल कितीही महाग असले तरी याला त्याच्याकडे उत्तर नाही. उपाय एवढाच, की ठोकळा सुरुवातीला अर्ध्या इंचाच्या ड्रिलने पाडून ठेवावा, त्याला कोरड्या जागी मुरू द्यावे, आणि कातण्याच्या दिवशीच अखेरच्या मापाचे ड्रिल फिरवावे.

मँड्रेल लेथला जोडले कसे जाते, याकडे घेताना सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या लाकडी लेथच्या हेडस्टॉकला बहुधा मोर्स २ टेपर असतो, ज्याचा मोठ्या टोकाचा व्यास १७.७८ मिलिमीटर असतो. लहान लेथवर मोर्स १ ही आढळतो, त्याचा १२.०६५. टेपर नुसता हाताने ठोकून बसवला तर टेलस्टॉकचा दाब असेपर्यंत तो टिकतो. बॅरलच्या ओठाकडची कड कातायला टेलस्टॉक मागे घेतला, की बाजूच्या जोराने आणि कंपाने टेपर सुटण्याची शक्यता निर्माण होते, आणि फिरता दांडा नळीसकट बाहेर येणे हा गंभीर अपघात आहे. त्यासाठी टेपरच्या मागच्या टोकाला आटा हवा आणि हेडस्टॉकच्या पोकळ स्पिंडलमधून जाणारा ड्रॉ-बार, म्हणजे टेपरला मागून ओढून धरणारी सळई हवी. अमेरिकन मँड्रेलला तो आटा पुष्कळदा ३/८ इंची असतो, तर आपल्याकडे सहज मिळते ती एम १० ची सळई. दोन्ही दिसायला जवळपास सारखे असले तरी एकमेकांत बसत नाहीत. थेट स्पिंडलच्या आट्यावर चढणारी मँड्रेल अधिक निर्धास्त असतात, पण त्यात एम ३३ आणि १ इंच व्यासाचे, दर इंचाला ८ आट्यांचे असे वेगवेगळे प्रकार असल्यामुळे स्वतःच्या लेथचा आटा मोजल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

मागवलेल्या परदेशी मँड्रेलबद्दल माझे मत संमिश्र आहे. ग्राइंडिंगची सफाई वाखाणण्यासारखी होती. डायल गेज लावून पाहिले तेव्हा बाहीवरचा रनआउट (फिरताना मध्यापासून होणारी हालचाल) वीस-तीस मायक्रॉनच्या आत होता, आणि लाकडाला त्याहून अधिक काटेकोरपणा लागत नाही. पण मूळ किमतीच्या जवळपास पोहोचेल एवढा खर्च टपाल आणि सीमाशुल्क यांवर झाला, ड्रॉ-बारचा आटा जुळला नाही, आणि सुटी बाही पुन्हा मागवायची तर तीच वाट पुन्हा पाहायची. त्या तुलनेत अंबडमधल्या एका छोट्या जॉब-वर्कच्या शेडमध्ये करून घेतलेले मँड्रेल मला सर्व बाजूंनी उजवे वाटते. दांडा ईएन-८ या पोलादाच्या बारमधून कातून उतार ग्राइंड केला आहे, बाहीच्या चिरा वायर-कटने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या बारीक तारेने पाडल्या आहेत. वायर-कटची चीर सुमारे ०.३ मिलिमीटर रुंदीची पडते, स्लिटिंग कटरपेक्षा पुष्कळ बारीक, आणि त्यामुळे बाहीचा भोकाशी संपर्क जवळजवळ अखंड राहतो. खर्च परदेशी मँड्रेलच्या एकूण खर्चाहून कमी आला. त्याहून मोठा फायदा असा, की दुसऱ्या मापाची बाही हवी झाली तर त्याच दांड्याच्या उतारावर ती पुन्हा करून मिळते.

याचा अर्थ कोणत्याही शेडमध्ये शिरून तोंडी सांगितले की काम होते, असा नव्हे. नाशिकच्या टर्नरचा हात वाहनांच्या सुट्या भागांवर बसलेला असतो. मायक्रॉनमधले माप तो बिनचूक देतो, पण लाकूड फुटते कसे याच्याशी त्याचा संबंध आलेला नसतो. पहिल्या भेटीत मला हमखास सुचवले गेले ते बाही हार्डनिंग करून घेण्याचे, आणि त्याला मी नकार दिला. लाकडाने बाही झिजत नाही. कडक केलेली बाही चिरांच्या तोंडाशी तडकण्याचा धोका मात्र असतो. बाहीच्या दोन्ही टोकांच्या कडा किंचित गोल करून मागाव्यात, नाहीतर तीक्ष्ण कड भोकात वर्तुळाकार ओरखडा पाडते आणि नळीतून पाहणाऱ्या संग्राहकाला तो लगेच दिसतो.

फिनिशच्या वेळी पोलादी बाहीचा एक दोष जाणवतो. बहुतेक कातणारे सायनोअॅक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे पातळ थर देऊन शिट्टीला काचेसारखी चकाकी आणतात. हा गोंद नळीच्या कडेवरून खाली उतरला तर नळी आणि मँड्रेल एकजीव होतात आणि सोडवताना कड ओरबाडली जाते. बाहीला आणि मागच्या खांद्याला मेण लावणे हा एक उपाय. त्याहून बरा उपाय म्हणजे नळीच्या दोन्ही टोकांना डेलरिन या प्लास्टिकच्या चकत्या ठेवणे, कारण त्यांना हा गोंद धरत नाही. ज्यांच्याकडे रबरी मँड्रेल आधीपासून आहे त्यांनी या टप्प्याला ते वापरावे. अॅक्रिलिकच्या नळ्या करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: अॅक्रिलिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, कोरड्या पॉलिशपेपरने ती उष्णता पृष्ठभागावर सहज निर्माण होते, आणि आतून ताणलेली नळी मऊ पडली की तिचे भोक मापातून जाते. पाण्याचा पेपर वापरावा आणि घासताना नट थोडा सैल करावा.

इन्सर्टसाठी मात्र प्रसरण पावणारे मँड्रेल विकत घेण्याची गरज नाही. बॅरल आणि इन्सर्ट या दोन्ही भागांसाठी जोडीने विकली जाणारी मँड्रेल मी पाहिली आहेत. त्यांत इन्सर्टला आतल्या बारीक भोकातून धरतात, आणि एवढ्याशा व्यासावर पकड कधीच पुरेशी होत नाही. त्याऐवजी आधी इन्सर्टचा बॅरलमध्ये जाणारा भाग ५/८ इंचाला कातून घ्यावा आणि मग तो ईआर ३२ कोलेट चकमध्ये, म्हणजे बाहेरून आवळणाऱ्या चिरलेल्या बाहीच्या पकडीत धरून बाहेरचा भाग घडवावा. १६ मिलिमीटरचे ईआर कोलेट १६ पासून १५ मिलिमीटरपर्यंत आवळले जाते, म्हणजे १५.८७५ चा दांडा त्यात नेमका बसतो. कोलेटची पकड बाहेरून आत असल्यामुळे लाकूड फाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ईआर ३२ चे चक आणि कोलेट सातपूर-अंबडच्या यंत्रकामात रोजची वस्तू असल्याने ती नाशिकमध्ये तयार मिळतात, आणि शिट्टीखेरीज इतर शंभर कामांना उपयोगी पडतात.

ज्यांना बॅरलचे मँड्रेल इथेच करून घ्यायचे आहे, त्यांनी कागदावर पुढील मापे देऊन जावे: टेपर मोर्स २, मागच्या टोकाला एम १० चा आटा, दांड्याचा उतार व्यासात २० ला १, बाही सैल असताना बाहेरचा व्यास १५.८ मिलिमीटर, बाहीची लांबी तयार नळीपेक्षा पाच-सात मिलिमीटरने कमी, म्हणजे पाऊणशे मिलिमीटरच्या नळीला सुमारे सत्तर, चिरा सहा, तीन एका टोकाकडून आणि तीन दुसऱ्या टोकाकडून, प्रत्येक चीर समोरच्या टोकाच्या आठ-दहा मिलिमीटर आधी थांबलेली, पुढे नर्लिंग केलेला नट, मागे बाही सोडवणारा नट, आणि पुढच्या टोकाला फिरत्या सेंटरसाठी सेंटर-ड्रिलने पाडलेला ६० अंशांचा खळगा. ताबा घेताना मँड्रेल शेडमधल्याच लेथवर दोन सेंटरमध्ये धरून, बाही थोडी फुगवून, तिच्या दोन्ही टोकांना डायल लावून पाहावा. दोन टोकांच्या वाचनात पन्नास मायक्रॉनहून अधिक तफावत आली तर बाही पुन्हा करून मागावी.